पाव्हण्याचं भिरभिरं

घरजावई होऊन मला चार वर्षं झाली होती, तरी आष्टीजवळच्या त्या घरात मी पाहुणाच राहिलो होतो. माझे दोन्ही मेव्हणे सासऱ्यांच्या शिव्या खात वाढले होते. "ऊठ बे, दिस डोक्यावर आला," असा त्यांचा दिवस उजाडायचा. मला मात्र, "पाव्हणं, भाकर खाऊन घ्या." माझ्या हातून बैल सुटो की औत मोडो, सासरे एवढंच म्हणायचे, "असू द्या पाव्हणं." त्या 'असू द्या'चा मी धसका घेतला होता. ज्याच्याकडून काही आशा असते त्यालाच माणूस शिव्या देतो. आपल्यालाही एकदा मनापासून शिवी मिळावी, एवढीच माझी इच्छा होती.

त्या वर्षी ज्वारी दाण्यात आली आणि पाखरं राखायला मी शेतातल्या उंच माळ्यावर बसलो. पहिल्याच दिवशी माझ्या गोफणीतला दगड पुढे जायचा सोडून मागे गेला आणि बांधावर उभ्या असलेल्या सासऱ्यांचा पटका उडवून गेला. त्यांनी पटका उचलला, झटकला, पुन्हा बांधला. म्हणाले, "असू द्या पाव्हणं." हेच मेव्हण्याच्या हातून झालं असतं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता, मग त्या पिढ्या सासऱ्यांच्या स्वतःच्याच का असेनात.

मी हट्टाला पेटलो. नगरकडे, इंग्रजी मुलखात, एका मळ्यात मी लोखंडी पवनचक्की बघितली होती. डोक्यातल्या गोष्टीवर सरहद्दीच्या नाक्यावर करोडगिरीची जकात लागत नसल्यामुळे ती मी तशीच निजामाच्या राज्यात आणली होती. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून चार पाती केली आणि उंच खांबावर चाक चढवलं. चाक फिरलं की मागचं टिपरू दुसऱ्या रिकाम्या डब्यावर बडवायचं आणि त्या आवाजानं पाखरं उठायची, असा माझा बेत.

पाती मी जवळजवळ सपाट, वाऱ्याला छाती देऊन बसवली होती. सकाळी पाखरं येतात तेव्हा वारा जेमतेम असतो. चाक जागचं हललं नाही, उलट दोन साळुंक्या पात्यावर बसून हवा खाऊ लागल्या. मग मी पाती चांगली तिरपी केली. आता साध्या झुळकीवर चाक फिरायला लागलं, पाखरं उठली आणि मीही फुगलो. दुपारी जोराचे झोत सुरू झाले, तसं तेच चाक थरथरलं, अडखळलं आणि मुकं झालं.

वारा वाढल्यावर थांबणारं चाक मी कुठे बघितलं नव्हतं. शिडी लावून पात्यासमोर मूठमूठ धूळ उधळून पाहिली. मंद वाऱ्यात धूळ पात्याच्या पोटावरून आणि पाठीवरून चिकटून जायची. अचानक झोत आला की पाठीवरची धूळ पातं सोडून द्यायची आणि मागे नुसते भोवरे उठायचे. पाठीवरचा वारा सुटला की पात्यातला जीवच जात होता. मेव्हणे पोट धरून हसले. सासरे हसलेसुद्धा नाहीत. "असू द्या पाव्हणं," म्हणाले, आणि मला लई वाईट वाटलं.

बायको खळ्यावर बाजरी उफणत होती. तिला सगळं दिसलं होतं.

"वारं वाढलं की मी पाटी खाली घेते, हात कलता करते," ती म्हणाली. "न्हाईतर दाणंबी भुसासंगं जातेत. तुमचा पत्रा मातर ताठच्या ताठ. अगदी तुमच्यावानी हाय."

मला राग आला. ती बरोबर बोलली म्हणून जरा जास्तच आला. तरी तिनंच दिलेली दोन जुनी सुपं कापून मी नवी पाती केली. पुढची कड दांडीला घट्ट बांधली, मागची मोकळी सोडली. झोत आला की मागची कड लवायची, पातं वाऱ्याला थोडं वळून वाट द्यायचं, आणि झोत गेला की परत जागेवर यायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारं सुटलं, तेही वेड्यासारखं, कधी मंद कधी झोडपणारं. चाक एकदाही मुकं झालं नाही. शिवारात पाखरू उरलं नाही. सगळं घर बांधावर जमलं होतं, आणि तेवढ्यात एका पात्याची गाठ सैल झालेली मला दिसली. इतकं जमलेलं हातचं जाणार, या भीतीनं मी फिरत्या चाकाखाली खांबावर चढलो.

सासरे पळत आले. पटका वाटेतच पडला, तो त्यांनी उचललाही नाही.

"उतर बे खाली! मुंडकं उडवंल ना ते! अक्कल हाय का न्हाई, गाढवा? माझ्या लेकीचं कुकू पुसतोस का?"

मी खांबाला मिठी मारून थांबलो. मला सगळं ऐकू आलं होतं, तरी मी वरून विचारलं, "काय म्हणलात, मामा?"

त्यांनी पुन्हा सांगितलं, या वेळी सात पिढ्यांसकट. डोक्यावर चाक खडखडत होतं, पण मी शब्द न् शब्द ऐकला आणि मगच खाली उतरलो.