पाळण्याशेजारची जागा

डोंबिवलीच्या आमच्या घराच्या दाराबाहेर बाबांनी कडप्प्याची एक फरशी बसवून घेतली आहे. अकरा महिने तिच्यावर चपला असतात. चैत्रातल्या तृतीयेला आई ती घासून धुवायची, गेरूने सारवायची आणि अक्षय तृतीयेपर्यंत रोज सकाळी तिच्यावर चैत्रांगण काढायची. मधोमध झोपाळ्यावर बसलेली गौर, वर सूर्य-चंद्र, आजूबाजूला शंख, कासव, हत्ती, तुळस, फणी, करंडा आणि उजव्या कोपऱ्यात पाळणा. मी कळव्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवते, तेव्हा मला बोलायचा अधिकार आहे: आईचा हत्ती भयंकर असे. सोंड कुठली आणि शेपूट कुठलं ते विचारावं लागे. ती म्हणायची, गौरीला बरोबर कळतं.

या रांगोळीला तिचे नियम होते. आंघोळ झाल्याशिवाय नाही, चिमटीतून सांडली तर पुसायची नाही, आणि पाळी असेल तर फरशीजवळ फिरकायचंसुद्धा नाही. त्या दिवसांत ती स्वतः खिडकीखाली सतरंजी टाकून बसायची, तिचं ताट-भांडं वेगळं असायचं, आणि बाबा मुकाट्याने कुकर लावायचे. एका खोली-स्वयंपाकघरात माणूस बाजूला बसून बसून किती बाजूला बसणार? पण ती बसायची. मला शाळेत असताना या सगळ्याचा भयंकर राग यायचा. आजही येतो. मात्र ती हे कुरकुरत करत नव्हती. तिला ते नीटनेटकेपणासारखंच वाटे, डबे पुसून जागच्या जागी ठेवावेत तसं.

पुढे वयानुसार आईची पाळी थांबली, तेव्हा तिने शिरा केला होता. कशाबद्दल म्हणून बाबांनी विचारलं, तर म्हणाली, असाच. माझ्या कानात मात्र म्हणाली, सुटले बाई एकदाची. त्यानंतर तिच्या चैत्रांगणात एका दिवसाचाही खंड पडला नाही. आता देवघरही माझं आणि फरशीही माझी, असं तिचं चाललेलं असे.

म्हणूनच दोन वर्षांपूर्वी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मी घरी गेले आणि फरशीवर चपलाच दिसल्या, तेव्हा चुकल्यासारखं झालं. गुडघे धरलेत गं, आई म्हणाली. आंब्याची डाळ शेजारच्या काकूंनी वाटून दिली होती. नैवेद्य बाबांनी दाखवला होता. देवांची पूजाही हल्ली तेच करतात, असं बाबा जरा अभिमानाने सांगत होते. सगळ्या बायका गेल्यावर मी हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आईपुढे वाकले, तर ती झटकन मागे सरली.

"शिवू नकोस," ती म्हणाली.

मला आधी काही कळलंच नाही. मग खिडकीखालची सतरंजी दिसली.

"परत सुरू झालंय," ती खालच्या आवाजात म्हणाली. "दिवाळीपासून. कधी थांबतं, कधी येतं. या वयात मेलं काय हे."

डॉक्टरांना दाखवलंस का, मी विचारलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अश्लील बोलले. यात डॉक्टरांना काय सांगायचं, बाईच्या जातीला हे असतंच. दिवाळीपासून चैत्रापर्यंत रक्त जात होतं आणि माझी आई त्याचा एकच अर्थ लावत होती: विटाळ परत आला, तर आपण बाजूला बसायचं. देवघर तिने बाबांना दिलं. गुडघ्यांचं निमित्त केलं. आणि चैत्र आल्यावर गेरूचा डबा न उघडता फळीवर तसाच ठेवला.

मी हट्टाने तिला ठाण्याला नेलं; तिथल्या डॉक्टर बाई शांत स्वभावाच्या होत्या. माणकोलीच्या नव्या पुलावरून रिक्षाने जाताना आई खाडीकडे बघत बसली होती. तपासण्या झाल्या, तुकडा काढून पाठवला गेला, आणि रिपोर्ट आल्यावर बाईंनी कागद पुढे ओढून पेनाने गर्भाशय काढून दाखवलं. इथे सुरुवात झाली, इथून बाहेर पसरलंय. आई त्या चित्राकडे टक लावून बघत होती. बाईंनी हलक्या आवाजात विचारलं, आजी, इतके महिने कोणाला सांगितलं का नाहीत?

"मी नियम पाळत होते," आई म्हणाली.

मला तिथेच ओरडावंसं वाटलं. कोणावर ते मात्र ठरेना.

ऑपरेशन झालं, पिशवी काढली. आमच्याकडे बायका गर्भाशयाला पिशवीच म्हणतात. सगळं काही काढता आलं नव्हतं, आणि ते बाईंनी आमच्यापासून लपवलं नाही. आईला घरी आणलं. पावसाळ्यात ती पलंगावर पडून असायची. अधूनमधून कपड्यावर लाल दिसे आणि ती कोणाला शिवत नसे. मी तिचे केस विंचरायला गेले की अंग चोरून घ्यायची. हे मला सहन व्हायचं नाही. एका दुपारी मी शाळेतून ड्रॉइंगचा मोठा कागद आणि पेन्सिल घेऊन आले आणि म्हटलं, चैत्रांगण काढ.

ती हसली. म्हणाली, श्रावणात? आणि अशा अवस्थेत? मी म्हटलं, हा नुसता कागद आहे, याला चैत्र नाही आणि श्रावण नाही. तिने बराच विचार केला. नियमात कुठे बसतं ते ती मनात तपासून बघत असावी. मग म्हणाली, हं, कागदावरचं काही खरं नव्हे, तेव्हा चालेल.

पाठीशी उशा लावून ती दोन-तीन दुपारी काढत बसली. गौर जमली, झोपाळा जरा वाकडा झाला, हत्ती नेहमीइतकाच वाईट झाला. पाळणा काढल्यावर ती थांबली आणि विचारलं, माझी पिशवी काढली ती कुठे टाकली गं त्यांनी? मी सांगितलं, तपासायला पाठवतात. तपासून झाल्यावर?

"तुला तिने नऊ महिने सांभाळलं," आई म्हणाली. "तिला कुठे जागाच नाही ठेवली आपण."

मग तिने पाळण्याशेजारी ते काढलं, डॉक्टर बाईंनी कागदावर दाखवलं होतं अगदी तसं. तिच्या हातून उतरलेली सगळ्यात सुबक आकृती ती होती. दोन्ही बाजूंना तिने आंब्याची पानं काढली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. मी तिचा हात धरला, तेव्हा तिने तो ओढून घेतला नाही. मी रडले, तर म्हणाली, कागद भिजवशील.

दिवाळीच्या आधी ती गेली.

पुढच्या चैत्रात वर्ष व्हायचं होतं, सण नव्हता. या वर्षी तृतीयेला मी सकाळीच डोंबिवलीला गेले. बाबांनी फरशी धुऊन ठेवली होती आणि गेरूचा डबा हातात घेऊन उभे होते. मला त्याच पहाटे पाळी आली होती. आईच्या घरी हे लपवता आलं असतं, पण लपवून लपवून काय झालं ते मी पाहिलं होतं.

"बाबा, मला पाळी आली आहे," मी म्हटलं. हा शब्द मी त्यांच्यासमोर कधीच काढला नव्हता.

ते डब्याचं झाकण उघडत होते, तसेच थांबले.

"दुखतंय का?" त्यांनी विचारलं.

थोडंसं, मी म्हटलं. त्यांनी आतून मला पाट आणून दिला, बसायला.

मी आईचा कागद शेजारी ठेवून जसंच्या तसं काढलं, वाकडा झोपाळा आणि तो हत्तीसुद्धा. पाळण्याशेजारी पिशवी काढून होत होती, तोच वरच्या मजल्यावरच्या नव्या बिऱ्हाडातल्या बाई भाजी घेऊन जिना चढत आल्या. छान काढलंय, म्हणाल्या, आणि हे काय, फुलदाणी का?

मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "गर्भाशय आहे. हिच्या आईचं. तिने सांगितलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही."