मालेगावच्या एक्स्चेंजबाई

एक्स्चेंजबाईंनी रस्त्यात कधी कोणाला 'काय चाललंय' म्हणून विचारलं नाही. आमच्या मालेगावात हे जवळजवळ गुन्ह्यात जमा होतं. समोरचा माणूस हातात पिशवी घेऊन बाजाराकडेच निघालेला दिसत असला, तरी 'बाजारात काय?' असं विचारावंच लागतं. नाहीतर तो घरी जाऊन सांगतो, मले पाहून तोंड फिरवलं. बाई मान खाली घालून, छत्री कपाळावर ओढून निघून जायच्या. लोक म्हणायचे, हिला विचारायची गरजच काय, हिला सगळं आधीच ठाऊक असतं. आणि लोकांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. हे वाशीमकडचं मालेगाव, नाशिकचं नव्हे; ते तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं आणि गावात टेलिफोन मोजकेच होते. फोनला आकड्यांची चकती नव्हती, बाजूला एक दांडी होती. ती फिरवली की एक्स्चेंजमधल्या फळीवर त्या नंबराची झडप पडायची. बाई दोरीची पिन त्या भोकात खोचून 'बोला' म्हणायच्या आणि हवा तो नंबर जोडून द्यायच्या. परगावचा ट्रंककॉल असला तर तो नोंदवून वाट बघत बसायचं. मोडलेली सोयरीक असो की डॉक्टरला बोलावणं, गावाचं सगळं बोलणं त्यांच्या बोटांखालून जायचं.

मी एका शेटजींच्या अडतीवर दिवाणजी होतो. शेटजींचा तुरीचा मोठा धंदा, शिवाय गावाबाहेर दालमिल, ती त्यांचा पुतण्या सांभाळायचा. अकोल्याचा भाव फोनवर विचारून घेणं हे माझं दुपारचं काम. कॉल लागेपर्यंत लाइनीवर मी आणि बाई दोघंच असायचो. मी सगळं बोलायचो. माझी खानावळ, गावाकडची शेती, भावकीतली भांडणं, माझं न जमणारं लग्न. बाई आपल्या मायच्या गुडघ्यांबद्दल बोलायच्या, उन्हाबद्दल बोलायच्या, माठातलं पाणी यंदा गारच होत नाही म्हणायच्या. दुसऱ्या माणसाबद्दल एक अक्षर नाही. मला त्या बाई आवडत असत, हे लिहायला आता हरकत नाही. कोणत्या अर्थाने, ते मी कधी तपासून पाहिलं नाही. मी कुणब्याचा, त्या बौद्ध, आणि गाव मालेगाव. तपासून उपयोगही नव्हता. प्रत्यक्षात त्यांना मी क्वचितच पाहिलं असेल. आवाज मात्र गर्दीतही ओळखला असता.

मूळच्या त्या मेडशीकडच्या. वडील दुसऱ्याच्या शेतात राबले, पण पोरीला मॅट्रिक केल्याशिवाय राहिले नाहीत. नोकरी लागलेली मात्र त्यांनी पाहिली नाही. बाई मायला घेऊन दोन खोल्यांत राहायच्या. नोकरीपायी मायची दोन-तीन गावं बदलून झाली होती. मालेगावात विहाराशेजारी तिला बायकांची सोबत मिळाली होती. संध्याकाळी त्यांच्यात बसून ती सुपारी कातरायची. आता मरेपर्यंत इथून हलायचं नाही, एवढं एकच तिने लेकीकडे मागून ठेवलं होतं.

बोलणं थांबल्यासारखं वाटलं की दुसरे ऑपरेटर खाडकन पिन उपसायचे. बाई आधी विचारायच्या, "झालं? मोकळी करू?" आपण 'अजून आहे' म्हटलं की निमूट बाजूला व्हायच्या. ही इतकी साधी माणुसकी, पण ती त्यांच्याच अंगाशी यायची. मधे बोलते म्हणजे ऐकत असणार, असा हिशेब लोक लावायचे. मी एकदा थट्टेने त्यांना तसं म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "मी आयकत नाई, दिवानजी. पन आयकू येते. त्याले काय करू?"

एका दिवाळीत एका दुकानदाराची बायको फराळाचं ताट झाकून त्यांच्या घरी गेली. आपला नवरा वाशीमला रोज कोणाला फोन करतो, एवढंच तिला हवं होतं. काय बोलतो ते राहू द्या, नुसता नंबर सांगा. बाईंनी ताट तसंच परत केलं. कोणी कोणाला फोन केला, हेसुद्धा ज्याचं त्याचंच असतं, असं तिला सांगितलं म्हणे. त्या दिवसापासून त्यांनी कोणाच्या घरचं काही घेतलं नाही आणि कोणाच्या घरी पायही ठेवला नाही. हळदीकुंकवाचा प्रश्नच नव्हता, पण बारसं नाही, लग्न नाही, साधा चहा नाही. जिथे जावं तिथे घरचे लोक बोलता बोलता गप्प व्हायचे, मग जायचं कशाला?

मग ते तुरीचं प्रकरण झालं. भाव चढणार अशी खबर अकोल्याहून फक्त आमच्या अडतीवर यायची. शेटजी दालमिलला फोन करून तूर आधीच उचलायला मेडशीच्या बाजूला माणसं पाठवायचे, तर समोरच्या अडत्याच्या गाड्या आधीच तिथे उभ्या. एकदा झालं, दोनदा झालं, पुन्हा झालं. शेटजी भडकले. खबर फोनवर येते, फोन बाईंच्या हातातून येतो, म्हणजे फितूर कोण हे त्यांच्या मते उघड होतं. चार व्यापारी बरोबर घेऊन ते एक्स्चेंजच्या दारात गेले आणि रस्त्यावरच्या लोकांना ऐकू जाईल असं बोलले. बाई एवढंच म्हणाल्या, मी सांगितलं नाही. गावाने मान डोलावली आणि विश्वास मात्र शेटजींवर ठेवला.

मी विचार केला, खबर गेली ती फोनवरूनच गेली असणार, कारण आमचा कोणी समोरच्या अडतीची पायरी चढला असता तर साऱ्या बाजाराने पाहिलं असतं. आणि फोन झाला असेल तर तो जोडला बाईंनीच. म्हणजे फितूर त्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी कॉलची वाट बघताना मी त्यांना म्हणालो, कोण काय बोललं ते सांगू नका, आमच्याकडून समोरच्या अडतीला कोणी फोन लावला तेवढं नाव सांगा, तुमच्यावरचा आळ धुऊन निघेल.  

"आज माह्या अब्रूसाठी एकाचं सांगतलं, तं उद्या तुमचंबी सांगीन," त्या म्हणाल्या. "मंग ह्या तारेचा भरवसा कोनं धराव?"

मी त्यांना मायची, तिला इथून हलायचं नाही याची आठवण करून दिली. त्या म्हणाल्या, अकोला लागलं, बोला.

विहाराजवळच्या बायका मायशी वाईट वागल्या नाहीत. पण ती येऊन बसली की बोलणं गुडघ्यांवर आणि उन्हावर यायला लागलं. लेकीच्या वाट्याचं एकटेपण आता आईच्याही वाट्याला आलं. पुढे बाईंनी स्वतःच बदली मागून घेतली आणि मायला घेऊन मंगरूळपीरला गेल्या. मी एस.टी.वर पोचवायला गेलो होतो. माय खिडकीशी बसली होती, गावाकडे पाठ करून.

शेटजींनी मग अडत ते दालमिल अशी स्वतःची वेगळी तार टाकून घेतली. दोन टोकांना दोन फोन, मधे एक्स्चेंज नाही, बाई नाही, कोणी नाही. माणसं कुठे पाठवायची ते आता फक्त याच तारेवर ठरायचं. आता कोण ऐकतो बघू, म्हणून ते छाती काढून सगळ्यांना सांगायचे. आणि त्याच हंगामात समोरच्या गाड्या पुन्हा मेडशीला आधी! तारेच्या एका टोकाला स्वतः शेटजी आणि दुसऱ्या टोकाला त्यांचा सख्खा पुतण्या. आता संशय घ्यायला तिसरं माणूसच उरलं नव्हतं. पुतण्याने कबूल केलं. पहिल्यापासून तोच दालमिलमधून एक्स्चेंजमार्फत समोरच्या अडतीला फोन लावायचा. शेटजींनी घरातली गोष्ट घरात मिटवली. बाईंचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही.

मला राहवेना. मी मंगरूळपीरचा ट्रंक लावला. पलीकडून 'बोला' आलं आणि मी घाईघाईने म्हणालो, बाई, खरं काय ते कळलं, आमच्या शेटजींचा...

"लाइनीवर नाई, दिवानजी," त्यांनी मला थांबवलं. "मालेगावच्या एक्स्चेंजची पोरगी नवी हाय. तिच्या कानावर हे काहून घालता?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःची सुटका ऐकतानासुद्धा बाई त्या पुतण्याची अब्रू सांभाळत होत्या.

पुढच्या रविवारी मी एस.टी.ने गेलो. दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची एकच खोली होती. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली मायचा. माय गेल्याचं मला कोणी कळवलं नव्हतं, आणि कळवणार तरी कोण! बाईंनी चहा केला. आम्ही समोरासमोर बसलो आणि दोघांनाही बोलता येईना. आमची सवय तारेची होती. शेवटी मी भिंतीकडे बघत सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुमाले आता कळलं," त्या म्हणाल्या. "मले तं तवाच म्हाईत होतं."

मग मायच्या फोटोकडे बघून म्हणाल्या, "माय रोज विचारे, तू नाई तं मंग कोनं सांगतलं? नाव सांगतलं असतं तं तिचा जीव निवला असता. पन तिच्या पोटात ते राह्यलं नसतं. मंग तिनं विचारनंच सोडून देल्लं."

बाहेर मालेगावच्या गाडीची वेळ होत आली होती. मला पुष्कळ बोलायचं होतं. इतक्या वर्षांच्या दुपारी कमी पडल्या असं वाटत होतं. मी पिशवी उचलली, पण उठलो नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि जुन्या सवयीने, अगदी त्याच आवाजात विचारलं, "झालं?"

'अजून आहे' म्हटलं की त्या थांबतात, हे मला ठाऊक होतं.

"झालं," मी म्हणालो आणि गाडीसाठी निघालो.