रिकामी चंची

कुसुमबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी महाडच्या दुकानात पोलक्याचं कापड कापत होतो. कात्री अर्ध्यावरच थांबली... गिऱ्हाईक बिचारं उठून गेलं. महिना उलटला, तरी शनिवारची दुपार झाली की माझे पाय पोलादपूरच्या एसटीकडे वळू बघतात.

बाई तिथल्या शाळेत शिकवत आणि मुलांचं वसतिगृहही सांभाळत. आमची ओळख जत्रेतल्या नाटकामुळे झाली. मी खलनायक करायचो, आणि इतका जीव ओतून की बायका मला रस्त्यात टाळायच्या. नाटक संपल्यावर बाई रंगपटात आल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, माझ्या मुलांना बिघडवायला याल?" माझ्या गुणांची एवढी उघड कदर कोणी केली नव्हती. मी हरखून गेलो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दुकानादुकानांत गुटख्याच्या पुड्यांच्या माळा लोंबू लागल्या होत्या. आंबेनळी घाटाच्या वरच्या वाड्यांतून आलेली आठवी-नववीची मुलं घराच्या आठवणीने कासावीस व्हायची आणि पुडीभोवती सोबत शोधायची. बाई मुलांच्या पेट्यांची झडती घेत नसत. झडतीने मुलं फक्त लपवायला शिकतात, असं त्यांचं मत. त्या शनिवारी नकाराची तालीम घेत.

पहिल्या शनिवारी मी मिशा लावून, डोळे गरगरा फिरवत पुडी पुढे केली. पोरं एका सुरात "नाय" ओरडली, टाळ्या पडल्या. बाईंनी मात्र टाळी वाजवली नाही. "अण्णा, पुडी घेऊन राक्षस येत नाही. आवडता माणूस येतो. आवडते होऊन या."

पुढच्या खेपेला मिशा घरी ठेवल्या. धोंडू नावाच्या मुलाच्या खांद्यावर हात टाकला, थट्टा केली, मग अलगद पुडी काढली. तो खाली बघत राहिला. "दादा मुंबैवरनं आला की चंची पुढं करतो," तो बाईंना म्हणाला. "नाय घेतली तर त्याचा अपमान व्हतो."

धोंडूला आईबाप नव्हते, दादानेच वाढवलेलं. त्यांच्या वाडीत पानतंबाखूची ती कापडी पिशवी पुढे करणं म्हणजे तू आमचा, असं सांगणं. अलीकडे दादाच्या चंचीत गुटखा असायचा. धोंडूने एकदा घेतलाही होता. शिमग्याला दादा येणार होता... आणि पुडी नाकारली तर दादाच तुटेल, ही त्याची भीती.

बाईंनी उपदेश केला नाही. माझ्याकडून कापडाचा तुकडा घेतला, एक चंची शिवली आणि रिकामीच माझ्या हाती दिली. मग कित्येक शनिवार मी दादा झालो. लाडीगोडी लावली, रुसलो, "सायेब झालास काय रं?" म्हणून टोचलं. धोंडू कधी चिडायचा, कधी रडायचा. बाई म्हणायच्या, "तुला दादा हवाय, पुडी नको. दोन्ही सांग."

एका शनिवारी त्याने चंची दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, परत माझ्या हातात ठेवली आणि मला चिकटून बसला. "चंची तुजी, दादा. मी बी तुजाच. पन ह्ये नको."

दादाचं सोंग विसरून मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

शिमग्याला त्याने तसंच केलं. दादा रुसेल, रुसू दे, तू उठू नकोस, असं बाईंनी बजावलं होतं. दादा खरंच दिवसभर बोलला नाही. धोंडू शेजारीच बसून राहिला. संध्याकाळी पालखी आल्यावर दादा म्हणाला, "चल रं, नाचाया." दादाची पुडी काही सुटली नाही. धोंडूने मात्र पुन्हा घेतली नाही. आणि आमचे शनिवार पुढे वर्षानुवर्षं चालू राहिले, नव्या नव्या मुलांसाठी.

परवा धोंडू दुकानात आला. आता एसटीत कंडक्टर आहे. काही न विचारता मला पोलादपूरला घेऊन गेला. बाईंच्या खोलीत दारामागच्या खिळ्यावर चंची तशीच होती, धुऊन धुऊन विटलेली. त्याने ती काढून पुढे केली. मी कपाळाला लावली, परत देऊ लागलो, तर त्याने माझी मूठ मिटली.

"ऱ्हाऊ द्या, अण्णा. शनिवार हाय."

बाहेर पडवीत यंदाची नवी मुलं बसली होती. मी डोळे पुसले. रडका माणूस कोणाला काय बिघडवणार? चंची खिशात घातली, सगळ्यात गप्प बसलेल्या मुलाजवळ गेलो आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला... आवडता होऊन.