आत्याच्या दाराची कडी

माझी आत्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवायची. वॉरंट दाखवल्याशिवाय पोलिसांना घरात घ्यायचं नाही, हे तिने वर्गाला शिकवलं आणि घरी आम्हाला उठता-बसता ऐकवलं. रिटायर झाल्यावर ती इंदूरमधल्या तिच्या छोट्या फ्लॅटमध्ये एकटीच राहायची. किल्ली कुणाला द्यायची नाही. "माझ्या घरात माझी परमिशन चालते," म्हणायची. आमची फार लाडकी, पण धाकही तितकाच.

तिचा आणखी एक शिरस्ता होता. आंघोळीनंतर पूजा आटोपेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, मग दारावर बेल वाजो नाहीतर फोन. त्यामुळे एका रविवारी मी पोहे-जलेबी घेऊन गेले आणि दार उघडलं नाही, तेव्हा मी निवांत जिन्यावर बसले. शेजारच्या काकूंनी "पूजा में होंगी, बैठो थोड़ा" म्हणत चहासुद्धा दिला. आत आत्या पडलेली आणि बाहेर आम्ही चहा पितोय, हे आमच्याच घराण्यात व्हायचं.

मग दाराखालून पाणी आलं.

मी दार बडवलं, हाका मारल्या. आतून काही नाही. काकूंच्या यजमानांनी पोलिसांना फोन लावला. मजल्यावरचे पुरुष जमले. "तोड़ दें भिया?" असं जो तो विचारत होता आणि तोडत कुणीच नव्हतं, कारण आत्या सगळ्यांना माहीत होती.

दोन पोलीस आले. आत कोण आहे, वय काय, हाकेला जबाब देतायत का, एवढंच त्यांनी विचारलं. आणि मी, आत्याची खरी भाची, म्हणाले, "पर वारंट?" आज हसू येतं. मोठा हवालदार चिडला नाही. "दीदी, अंदर किसी की जान पर बनी हो तो कागज का इंतजार नहीं करते," म्हणाला आणि त्याने खांदा लावला. कडी स्क्रूसकट उखडून आली.

बाथरूमचं दार नुसतं लोटलेलं होतं. तिथे मात्र तो थबकला. पाठ फिरवून उभा राहिला, मागच्यांनाही थोपवलं. "आप जाइए. चादर ले जाइए."

आत्या फरशीवर पडलेली, गारठलेली, पण शुद्धीत. नळ तसाच वाहत होता. मी तो बंद केला आणि तिला चादरीत गुंडाळलं.

"आवाज का नाही दिलास?"

"आधी दिला, नळाच्या आवाजात तुम्हाला ऐकू आला नसेल. मग बाहेर आदमी लोकांचा गलका ऐकला. अंगावर कपडा नाही गं. शरम आली मला."

मी तिच्यावर ओरडले आणि तिला घट्ट धरून बसले. इतका राग आणि इतकी माया एकदम मला कधीच आली नव्हती.

खुब्याचं ऑपरेशन झालं. अजून उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. आत्या वॉकर घेऊन घरी आली, तेव्हा दार दुरुस्त करायला सुतार आला होता. आतली कडी कुठे लावू, असं त्याने विचारलं.

"कडी रहने दो. बस लॉक लगाओ," आत्या म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "दुसरी किल्ली तू ठेव. बेल वाजवायची. मी ओ दिली नाही तर सरळ आत यायचं. कशीही असले तरी."