स्क्रीनवर नसलेलं सहावं मशीन

साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर रूममध्ये बारा वर्षं काढली, की किस्से साचतच जातात. हसण्यासारखे थोडे, बाकीचे नुसते सांगून टाकायचे!

आमच्याकडे सर्व्हर एकच. त्याच्या पोटात सहा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सहा वेगळे कॉम्प्युटरच समजा. मॅनेजमेंटच्या स्क्रीनवर मात्र पाचच दिसायची. सहावं आमच्या ऑपरेटर दत्तूनं हातानं कमांड मारून सुरू केलेलं. गेटवर उसाच्या गाड्यांना मिळणारे नंबर नेमके त्यावरच!

"दत्तू, स्क्रीनवर घे की रे ते."

"हंगाम संपू द्या, सर."

हंगाम संपला की कोणाला आठवतंय!

*

एकदा भर दुपारी लाईट गेली. परत आली तेव्हा पाच मशीन आपोआप उठली, सहावं उठेना. ट्रॉल्या-बैलगाड्यांची रांग श्रीगोंद्याच्या रस्त्याला लागली, बैल उन्हात उभे. दत्तू जामखेडला लग्नात! मी फोनवर ऐकून टाईप करतोय आणि मागं बँड वाजतोय. "सर, स्पेस द्या, स्पेस!" तो ओरडत होता. पाऊण तासानं रांग हलली.

*

मग नवे साहेब आले. "पाच मशीन, मग एवढी मेमरी खातंय कोण?" म्हणाले, आणि सहावं शोधून बंदच करून टाकलं. दहा मिनिटांत गेटवर बोंबाबोंब! दत्तूनं ते पुन्हा सुरू केलं.

"याची नोंद का नाही?" साहेब उलट त्याच्यावरच डाफरले.

"सायेब, अकरा वर्षं झाली, हितं माजीच नोंद न्हाई. मशीनचं काय घेऊन बसलात!"

तो कंत्राटी होता. आम्ही सगळे खो खो हसलो. आज आठवलं की लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी कामावर येताना टेम्पोनं त्याला उडवलं. जागेवरच गेला.

*

तेरावं झालं आणि त्याची बायको मंगल ऑफिसात आली. त्याच्या जागी काम मागत होती. साहेब दत्तूला ओळखत होते, तरी त्यांनी कामगारांची यादी पाहिली. "या नावाचा माणूस आमच्याकडे नव्हता, बाई."

"भाऊ, तुमी तरी सांगा की!" ती माझ्याकडे वळली.

मी सांगितलं. साहेब म्हणाले, "कागद दाखवा."

मी सर्व्हरवरून सहाव्या मशीनची एक ओळ प्रिंट केली. सुरू करणाऱ्याच्या जागी दत्तूचं नाव, पुढं 'चालू'.

"ही काय हजेरी झाली?" साहेबांनी कागद परत सरकवला.

मंगलनं नावावर बोट ठेवलं. "ह्ये अजून चालू हाय?"

"हो, वहिनी."

"बंद पडलं तर?"

"गाड्या थांबतील."

तिनं कागद साहेबांच्या पुढ्यात ठेवला. "मंग करा बंद. कळंल तुमाला, मानूस हुता का न्हवता!"