सालीत मुरलेलं कातडं

पडदा वर जातो आणि समोर उभं राहतं नॉटिंगहॅममधलं एक चिंचोळं स्वयंपाकघर. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, रेडिएटरवर वाळत टाकलेले मोजे, शनिवारचं कोवळं ऊन. आणि टेबलापाशी चामड्यावर पितळी ठसा ठोकत बसलेली धम्मशीला. दाराशी तिचे वडील हरिदास, हॉस्पिटलातून रिटायर झालेले पोर्टर. त्यांना आत यायचं नाही, आणि जायचंही नाही!

बाप-लेकीत आठवडाभर अबोला होता. झाडाच्या सालीनं कातडं कमावणाऱ्या एका जुन्या कारखान्यात तिला काम शिकायला बोलावलं होतं. सोमवारी तिथं जाऊन उत्तर द्यायचं होतं, आणि बाबांच्या होकाराशिवाय ती जाणार नव्हती. हरिदासांनी एकच ऐकवलं होतं, "माझ्या आईनं कातडं कमावायच्या ज्या कुंडातून मला बाहेर काढलं, त्यात तू उडी घेणार?" त्यांच्या आईचे, गयाबाईंचे, हात सालीच्या पाण्यानं जन्मभर तपकिरी राहिले. गावात त्या हातचं पाणी कोणी घेत नसे.

"छे! ठसा उठतच नाही."

हरिदासांना राहवलं नाही. "कसा उठेल? क्रोमचं आहे ते."

"लांबून कसं कळलं तुम्हाला?"

"कड बघ, आतून निळसर. क्रोमचे क्षार घालून पिंपात फिरवायचं, एक-दोन दिवसांत तयार. जॅकेटला झकास, मऊ, पावसाला भीत नाही. पण दाबलं की पुन्हा फुगतं."

टेबलापाशी येऊन त्यांनी दुसरा तुकडा ओढला, ओलं बोट टेकवलं. पाणी मुरलं, डाग गडद झाला. नख दाबलं, खूण तशीच राहिली.

"हे सालीतलं. वर्षभर खड्ड्यात मुरतं. आधी ताठ, मग वापरणाऱ्याच्या अंगानं वळतं. आमच्याकडं बाभळीची साल असायची, हिरडा असायचा." तुकडा त्यांनी नाकाशी नेला आणि तिथंच धरून ठेवला. संगीत नाटकात इथं ऑर्गनचा सूर लागला असता. इथं नुसती केटल खट्कन बंद झाली.

"आजीचा वास येतो, बाबा?"

"गप बस." मग हळूच, "तिथं काम कोण करतं?"

"ज्याला आवडतं तो. एक जण आधी टीचर होता."

"आणि त्यांच्याकडचं पाणी पितात लोक?"

"बाबा! ओपन डेला अख्खा गाव येतो, केक खातो!"

हरिदास आठवड्यात पहिल्यांदा हसले. खुर्ची ओढून बसले.

"सोमवारी मीही येतो. खड्ड्यांची झाकणं काढून ठेवा म्हणावं. साल कुठं कमी पडलीय, ते मी सांगतो त्यांना."