अकरावा प्राणी

कोडेमास्तर म्हणजे कुठल्या शाळेतले मास्तर नव्हेत. सव्विसाव्या वर्षी पेपरात मुद्रितं तपासायला म्हणून लागले. पुढे रविवारच्या पुरवणीत ‘इंग्रजीची गंमत’ हा कोपरा चालवणारे गृहस्थ तडकाफडकी नोकरी सोडून गेले, तेव्हा त्या खुर्चीत यांना बसवलं. त्याला आता एकोणतीस वर्षं झाली. डोक्यावरचे केस गेले, चष्म्याचा नंबर वाढला, पण कोडं एकाही रविवारी चुकलं नाही. लोक रस्त्यात अडवून विचारायचे, “मास्तर, हे सुचतं तरी कसं हो तुम्हाला?” मास्तर मान जराशी तिरकी करून म्हणायचे, “सुचतं आपलं.”

सुचतबिचत काही नव्हतं. टेबलाच्या खालच्या खणात, कुलपाच्या आत, रद्दीवाल्याकडून घेतलेलं एक जाडजूड परदेशी पुस्तक होतं. पुढे कोडी, मागे उत्तरं. मास्तर त्यातलं कोडं उचलायचे, जरा वेष बदलायचा, उत्तर मागच्या पानावरून जसंच्या तसं घ्यायचं. हे फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. तीही बोलायची नाही, भांडण फारच पेटलं तर “काढू का खणातलं?” एवढंच म्हणायची आणि मास्तर गप्प व्हायचे.

त्या रविवारचं कोडं असं होतं: इंग्रजीत असे प्राणी शोधा, ज्यांचं नाव हे एखादं कामही आहे. म्हणजे डक हे बदक, आणि डोकं खाली घालून फटका चुकवणं हेही डक. बेअर म्हणजे अस्वल, आणि सोसणं. एप म्हणजे वानर, आणि दुसऱ्याची नक्कल करणं. पुस्तकात मागे दहा उत्तरं होती. दहा म्हणजे दहा. मास्तरांच्या लेखी जगात अकरावा प्राणी नव्हताच.

उत्तरं आली ढीगभर. त्यात एक कागद कपड्यांच्या मापाचा होता. एका बाजूला छाती, कंबर, बाही, आणि उलट्या बाजूला वाकड्यातिकड्या अक्षरात अकरा नावं. शेवटचं नाव होतं फेरेट. पाठवणारी एक शिवणकाम करणारी बाई. सातवीत शाळा सुटलेली. गेली नऊ वर्षं दर आठवड्याला न चुकता उत्तर पाठवायची आणि खाली लिहायची, ‘आपल्या कोपऱ्यामुळे इंग्रजी शिकत आहे.’ मास्तरांनी फेरेट वाचलं आणि हसले. शब्दकोश हाताच्या अंतरावर होता हो! उठावंसुद्धा लागलं नसतं. पण मापाच्या कागदावर आलेल्या शब्दासाठी कोण कशाला शब्दकोश उघडतो? पुढच्या रविवारी त्यांनी झोकात छापलं: ‘शिवणकाम करणाऱ्या एका भगिनींनी फेरेट नावाच्या प्राण्यालाही कामाला जुंपलं आहे. माप घेताना टेप जरा सैल सुटली असावी!’

संपादकांना विनोद आवडला. मास्तर दिवसभर स्वतःवर खूश होते.

मंगळवारी तिचं पत्र आलं. या वेळी कोरा, रेघांचा कागद.

‘इथे सगळे हसत आहेत, त्याचं काही नाही. कपडे टाकायला येणाऱ्या बायका विचारतात, टेप सैल आहे का. आमचे हेही हसले. पण मी मनाने लिहिलं नव्हतं. वाचनालयातल्या मोठ्या शब्दकोशात बघितलं होतं. फेरेट हा मुंगसासारखा प्राणी, बिळात शिरून ससे बाहेर काढतो. म्हणून खोदून शोधून काढणं यालाही फेरेट म्हणतात. मला समजण्यात चूक झाली असेल तर सांगावं, म्हणजे मी पुन्हा लिहिणार नाही.’

मास्तरांनी शब्दकोश उघडला. होतं. प्राणीही होता आणि कामही होतं, एकाखाली एक, ढळढळीत. त्यांचे कान तापले. आजूबाजूला कुणी बघत नाही ना, हे त्यांनी आधी पाहिलं. म्हणजे बघा, लाज वाटली तीसुद्धा चोरून.

गुरुवारी पान लागायचं होतं. मास्तरांनी एक कागद घेतला आणि सरळ लिहिलं: ‘चूक माझी. भगिनींचं उत्तर बरोबर होतं.’ दोन ओळी. एवढं छापलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती आणि मलाही हे सांगत बसावं लागलं नसतं. पण मग त्यांना संपादकांचा चेहरा दिसायला लागला. “मास्तर, कोडं तुमचं, आणि उत्तर तुम्हालाच माहीत नाही?” मग काय सांगायचं? पुस्तकात मागे नव्हतं म्हणून? खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही. त्यांनी कागद चुरगळला आणि दुसरा लिहिला: ‘पान लावताना झालेल्या गडबडीमुळे फेरेट हे अचूक उत्तर यादीतून गळलं व मी रद्द केलेला विनोद छापला गेला. क्षमस्व.’

पानं लावणारा म्हणजे शेजारच्या टेबलावरचा, संगणकावर बसणारा साधा माणूस. मास्तरांचा रोजचा डब्याचा जोडीदार. त्याला संपादकांनी आत बोलावलं, चांगलं पाव तास झापलं. तो बाहेर आला, खुर्चीत बसला, आणि मास्तरांना म्हणाला, “मला तर काही आठवत नाही हो. पण गेलं असेल माझ्याच हातून. तुमच्या कोपऱ्याला उगाच डाग लागला. रागावू नका.”

मास्तर मेल्याहून मेले. तरी तोंडातून काय निघालं? “असू दे रे. होतं असं.” म्हणजे वर क्षमाही करून मोकळे!

पुढचे तीन रविवार तिचं उत्तर आलं नाही. मास्तर ढीग उपसून मापाचा कागद शोधायचे. नऊ वर्षांत त्यांनी कधी तिची वाट पाहिली नव्हती, आता दुसरं काही सुचेना. चौथ्या आठवड्यात त्यांनी ठरवलं, जायचं आणि सगळं सांगून टाकायचं. पुस्तकासकट. सुट्टीच्या दिवशी दुपारी निघाले, तर बगलेत एक पँट, खालून आखूड करायला! ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय एकदा लागली की सुटत नाही.

घर म्हणजे एकच लांब खोली. दाराशी मशीन, मागे कापडांचे गठ्ठे, पलीकडे खाटेवर तिचा नवरा पेपर वाचत पडलेला. मास्तरांनी पँट पुढे केली, मग एकदम म्हणाले, “मी… कोडेमास्तर.”

बाईच्या हातातली कात्री खाली आली. “अगंबाई! तुम्ही? आमच्याकडे?” तिने स्टूल पुसलं, नवऱ्याला उठवलं, चहा टाकला. मास्तर म्हणाले, “ते फेरेटचं… मला जरा बोलायचं होतं.”

“वाचलं मी,” ती म्हणाली. “पण हे म्हणतात, ते आपलं मन राखायला छापलंय. मोठी माणसं तशीच करतात. म्हणून मग लिहायचा धीरच झाला नाही.” पदराशी चाळा करत, खाली बघत तिने विचारलं, “खरं सांगाल? तुमच्या यादीत होतं का हो ते आधीपासून?”

आता सांगायचं होतं. त्यासाठीच तर आले होते. पुस्तक, खण, कुलूप, सगळं जिभेच्या टोकावर होतं. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, खाटेवरच्या नवऱ्याकडे पाहिलं.

“होतं,” ते म्हणाले. “पहिल्यापासून होतं.”

तिचा चेहरा असा उजळला, की मास्तरांना तिथून पळून जावंसं वाटलं. “अहो, ऐकलंत का?” ती नवऱ्याला म्हणाली. “जे यांच्या डोक्यात आलं, तेच माझ्याही डोक्यात आलं! मास्तर, यांना एकदा सांगा ना.”

आणि मास्तरांनी पुन्हा सांगितलं. नवरा उठून बसला, ओशाळून बायकोला म्हणाला, “हसलो मी उगाच,” आणि त्याने मास्तरांना हात जोडले. मास्तरांनीही जोडले. दुसरं काय करणार? हिच्या सुखासाठीच खोटं बोललो, अशी त्यांनी चहा पिताना मनाची समजूत घातली. त्यांची पटली असेल, आपण पटवून घेऊ नये.

पँट तिने तिथेच आखूड करून दिली, पैसे घेतले नाहीत. दारापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, “एक काम कराल? ते पानं लावणारे दादा आहेत ना, त्यांना माझा निरोप द्या. म्हणावं, माझ्या मनात काही राग नाही. चूक काय, कुणाच्याही हातून होते. आमच्यापायी त्यांना कुणी बोललं असेल तर मलाच वाईट वाटतं.”

“सांगतो,” मास्तर म्हणाले.

पुढच्या आठवड्यापासून मापाचे कागद पुन्हा यायला लागले. मास्तर आता प्रत्येक उत्तर शब्दकोशात बघतात. पानं लावणारा अजून त्यांच्या शेजारीच बसून डबा खातो, आणि कोपऱ्याचं पान लावून झालं की चारचारदा विचारतो, “मास्तर, एकदा नजर टाका हो, माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही.” मास्तर नजर टाकतात. निरोप काही त्यांनी दिलेला नाही.